चेहऱ्याची त्वचा आणि लेसर किरण

चेहऱ्यावरील त्वचा शरीरावरील इतर त्वचेहून रचनेने फारशी निराळी नसते. परंतु तिच्याकडे पाहण्याची माणसाची दृष्टी मात्र सर्वस्वी निराळी असते. पाठीवरचा चट्टा आयुष्यभर कोणाच्या लक्षात येत नाही. तोच गालावर असला, तर मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर, नोकरीच्या मुलाखतीत आणि रोज सकाळी आरशापुढे त्याची आठवण होते. म्हणूनच डाग, मुरुमांचे खड्डे, नको असलेले केस आणि जन्मखुणा नाहीशा करण्याचे उपाय माणूस फार पूर्वीपासून शोधत आला आहे. हळद, मसुरीचे पीठ आणि चंदन हे त्यांतले निरुपद्रवी उपाय; पारायुक्त मलमे आणि जहाल आम्ले हे त्यांतले घातक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मालिकेत लेसर किरणांची भर पडली, आणि आज भारतातील मोठ्या शहरांप्रमाणेच जिल्ह्याच्या ठिकाणीही लेसर उपचारांचे फलक दिसू लागले आहेत.

असा फलक वाचून उपचारासाठी येणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा अशी कल्पना असते की, लेसर हे पाटीवरची अक्षरे पुसणाऱ्या ओल्या फडक्यासारखे काहीतरी आहे. ते फिरवले की त्वचा स्वच्छ झाली. प्रत्यक्षात लेसरला पुसता येत नाही. त्याचे काम एकच : ठरावीक जागी, ठरावीक खोलीवर उष्णता निर्माण करणे. त्या उष्णतेने जे जळते किंवा दुखावते, ते वाहून नेण्याचे आणि त्या जागी नवे घडवण्याचे काम शरीराला स्वतःलाच करावे लागते. या दोन्ही बाबतींत भारतीय माणसाची सावळी त्वचा गोऱ्या त्वचेपेक्षा वेगळी वागते. बहुतेक यंत्रे प्रथम तयार झाली आणि तपासली गेली ती अमेरिका व युरोपातील गोऱ्या त्वचेवर. त्यामुळे लेसरकडून काय अपेक्षा करावी, याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात पुरतेपणी सापडत नाही. ते त्वचेच्या रंगाशी जोडलेले आहे.

लेसर हा शब्द इंग्रजीतील पाच शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला असून, 'प्रारणाच्या उद्दीपित उत्सर्जनाने केलेले प्रकाशाचे वर्धन' असा त्याचा अर्थ होतो. उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली होती. तिच्यावर आधारलेला पहिला लेसर प्रत्यक्षात यायला मात्र १९६० साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत कृत्रिम माणकाच्या कांडीतून ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण मिळवला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दिव्याच्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो चहूकडे पसरतो. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा, म्हणजे एकाच तरंगलांबीचा असतो व एकाच दिशेने जातो. म्हणून त्याची ऊर्जा अगदी लहानशा जागेवर एकवटता येते. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याच दशकात हा किरण त्वचेवर वापरून पाहण्यास आरंभ केला, आणि गोंदणातील काळा रंग तो शोषून घेतो हे त्यांच्या लक्षात आले.

या इतिहासात एक दुवा महाराष्ट्रातूनही जातो. १९३८ साली बारामतीत जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेस गेले, आणि तेथील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर तयार केला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर आहे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी त्याला तत्काळ शोषून घेते. मानवी त्वचेत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे तो त्वचेवर पडताच वरचा थर वाफ होऊन उडून जातो. शल्यचिकित्सकांनी प्रथम त्याचा उपयोग सुरीसारखा केला. पुढे चेहऱ्याची खडबडीत त्वचा सपाट करण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. आज मुरुमांच्या खड्ड्यांसाठी जी यंत्रे वापरली जातात, त्यांपैकी पुष्कळ यंत्रांत हाच वायू असतो.

प्रारंभीच्या लेसरांत एक मोठा दोष होता. त्यांतले बरेच अखंड धारेसारखे चालत. ज्या रक्तवाहिनीवर किंवा डागावर किरण सोडला, तेथली उष्णता आजूबाजूच्या निरोगी भागात पसरत असे आणि डागाच्या जागी वण उठत असे. १९८३ साली हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक तत्त्व मांडले आणि या शाखेचे स्वरूपच पालटले. भाकरी उलटताना बोटे तापलेल्या तव्याला क्षणभर लागतात, पण भाजत नाहीत; तेच बोट तव्यावर टेकवून ठेवले तर फोड येतो. उष्णतेला पसरायला वेळ लागतो, हा त्यातला मुद्दा. त्वचेतील प्रत्येक घटकाला आपली उष्णता शेजाऱ्याला देण्यासाठी ठरावीक वेळ लागतो : रंजकद्रव्याच्या सूक्ष्म कणाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी, बारीक रक्तवाहिनीला काही सहस्रांश सेकंद, केसाच्या मुळाला त्याहून अधिक. तेवढ्या वेळेच्या आत किरणाचा ठोका देऊन थांबले, तर लक्ष्य तेवढे जळते आणि शेजार बचावतो. मात्र लक्ष्याने शोषावा व शेजाऱ्याने शोषू नये, अशी तरंगलांबी निवडावी लागते. तरंगलांबी, ठोक्याचा कालावधी आणि ऊर्जेची मात्रा या तीन गोष्टींचा मेळ म्हणजे आजचा लेसर उपचार. रक्तवाहिनीसाठी एक यंत्र, रंगासाठी दुसरे, खड्ड्यांसाठी तिसरे. एकाच यंत्राने चेहऱ्याच्या सर्व तक्रारी दूर होतील असे कोणी सांगत असेल, तर त्याला हे तत्त्व ठाऊक नाही किंवा ते ठाऊक नसावे अशी त्याची सोय आहे.

आता सावळ्या त्वचेकडे वळू. चेहऱ्याची बाह्यत्वचा कागदाइतकी, सुमारे मिलिमीटरच्या दशांशाएवढी जाड असते. तिच्या तळाशी असणाऱ्या पेशी मेलॅनिन नावाचे तपकिरी-काळे रंजकद्रव्य बनवतात. रक्तवाहिन्या, केसांची मुळे आणि त्वचेला आधार देणारे कोलॅजेनचे तंतू हे सारे त्याखालच्या अंतस्त्वचेत असतात. म्हणजे दृश्य किंवा त्याच्या जवळपासच्या लाल प्रकाशाचा लेसर खाली पोहोचण्यापूर्वी मेलॅनिनच्या पडद्यातून जातो, आणि मेलॅनिनचा गुणधर्मच प्रकाश शोषण्याचा आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून शरीराचे रक्षण करणारा हा पडदा लेसरच्या वाटेत आडवा येतो. गोऱ्या त्वचेत जी ऊर्जा केसाच्या मुळापर्यंत जाते, तिच्यातला बराच वाटा सावळ्या त्वचेत वरच अडतो आणि तेथेच उष्णता निर्माण करतो. मात्रा कमी ठेवली तर खालचे लक्ष्य सुटते. वाढवली तर वरची त्वचा भाजते.

त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते, यावरून तिची वर्गवारी करण्याची पद्धत अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली सुचवली. पुढे तिच्यात भर पडून आज सहा वर्ग मानले जातात. पहिला अत्यंत गोरा, सहावा अत्यंत काळा. बहुसंख्य भारतीय चौथ्या आणि पाचव्या वर्गात येतात. काही तिसऱ्या व सहाव्याही वर्गात. या वर्गांतील त्वचेचा दुसरा एक विशेष प्रत्येक भारतीय घरात परिचित आहे. डास चावला, मुरूम फुटला किंवा गरम तेलाचा थेंब उडाला, तर जखम आठवडाभरात बरी होते. पण तिची काळी खूण कित्येक महिने राहते. दाहाने चेतवलेल्या पेशी गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन बनवतात, म्हणून असे होते. लेसर हीसुद्धा एक मोजूनमापून केलेली इजा असल्यामुळे, तिच्या मागोमाग अशीच काळी छटा येण्याची शक्यता असते. डाग घालवायला गेलेल्या माणसाला तीन-चार आठवड्यांनी नवा डाग दिसू लागतो, तो बहुतेक वेळा या कारणाने. हा डाग सहसा कायमचा नसतो, परंतु ओसरायला काही महिने घेतो. ते महिने काढणे मात्र कठीण जाते, विशेषतः याची आगाऊ कल्पना कोणी दिली नसेल तेव्हा.

म्हणून भारतातील अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ लांब तरंगलांबीचे किरण पसंत करतात. निओडिमियम-यॅग या स्फटिकापासून मिळणारा १०६४ नॅनोमीटरचा किरण मेलॅनिन तुलनेने कमी शोषते, आणि तो खोलवर जातो. त्याचबरोबर ऊर्जा कमी ठेवणे, त्वचा थंड करीत राहणे आणि दोन बैठकींत पुरेसे अंतर ठेवणे ही पथ्ये पाळावी लागतात. याचा साधा अर्थ असा की, परदेशी पुस्तकात जेथे तीन बैठका लिहिलेल्या असतात, तेथे भारतीय रुग्णाने पाच किंवा सहा धरून चालावे.

काही तक्रारींत लेसर खरोखर चांगले काम करतो. डोळ्याभोवती, कपाळाच्या एका बाजूवर आणि गालावर निळसर-राखाडी छटेचा मोठा पट्टा काही व्यक्तींत जन्मतः किंवा तारुण्यात दिसू लागतो. १९३९ साली जपानी वैद्य ओटा यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आशियाई लोकांत तो अधिक आढळतो. यातील मेलॅनिन खोल अंतस्त्वचेत असते. खोलीमुळेच ते निळसर भासते. पूर्वी त्यावर रंगलेपन करून झाकण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. आता सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतक्या अल्प ठोक्यांचा १०६४ नॅनोमीटरचा लेसर या कणांचा चुरा करतो आणि शरीरातील भक्षक पेशी तो चुरा हळूहळू वाहून नेतात. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. संपूर्ण उपचाराला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. परंतु परिणाम चांगला असतो आणि बहुधा टिकतो. लहानपणापासून चेहऱ्याची एक बाजू पदराआड ठेवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

गोंदणाचीही हीच गोष्ट. कपाळावर, हनुवटीवर किंवा गालावर गोंदवून घेण्याची चाल भारताच्या अनेक भागांत होती. आजीच्या हौसेने किंवा जत्रेतल्या गोंदणाऱ्याकडून लहानपणी काढून घेतलेले हिरवे-काळे ठिपके शहरात नोकरी करणाऱ्या काही स्त्रियांना नकोसे वाटतात. असे पारंपरिक गोंदण बहुधा काजळीचे, म्हणजे कार्बनचे असते व त्यात रंग थोडा असतो. म्हणून व्यावसायिक रंगीत गोंदणापेक्षा ते लवकर फिके होते. येथे एका धोक्याची नोंद घेतली पाहिजे. ओठांना किंवा भुवयांना कायमचा रंग देण्यासाठी सौंदर्यगृहांत जे गोंदण करतात, त्यात लोह किंवा टायटॅनियमची संयुगे असू शकतात. त्यांवर हा लेसर पडला की गुलाबी किंवा तपकिरी रंग क्षणार्धात काळा पडू शकतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात लहानसा ठिपका तपासून पाहतात.

जन्मतः असणारा लालबुंद किंवा जांभळा डाग हा बारीक रक्तवाहिन्यांच्या विस्तारामुळे होतो. त्यासाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा, रंगद्रव्याच्या द्रावणातून मिळणारा किरण वापरतात. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषते. बैठकीनंतर आठवडा-दोन आठवडे ती जागा मार लागल्यासारखी काळीनिळी दिसते. डाग फिकट होतो, पण पूर्णपणे नाहीसा झाल्याची उदाहरणे थोडी. तान्ह्या वयात उपचार सुरू केल्यास गुण अधिक येतो. हा डाग कपाळावर आणि पापणीवर असेल, तर लेसरचा विचार करण्यापूर्वी बालकाचे डोळे आणि मज्जासंस्था तपासून घ्यावी लागते. कारण क्वचित त्याच्यासोबत काचबिंदू किंवा आकडीचा विकार असतो.

चेहऱ्यावरील नकोशा केसांसाठी येणाऱ्या स्त्रियांची संख्या पुष्कळ आहे. येथे किरणाचे लक्ष्य केसातील मेलॅनिन असते आणि त्याची उष्णता केसाच्या मुळापर्यंत पोहोचते. पांढऱ्या किंवा अगदी सोनेरी लवेवर म्हणूनच त्याचा उपयोग होत नाही. कोणत्याही क्षणी सर्व केस वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि लेसर प्रामुख्याने वाढत्या केसांनाच गाठतो. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात व पुढेही अधूनमधून घ्याव्या लागतात. अमेरिकेतील औषध नियंत्रकांनी या यंत्रांना जी मान्यता दिली आहे, तीत केस 'कायमचे कमी करणे' असे शब्द आहेत. 'कायमचे काढून टाकणे' असे नाहीत. हा शब्दांचा खेळ नसून वस्तुस्थिती आहे. हनुवटीवरचे राठ केस, अनियमित पाळी आणि वाढते वजन ही लक्षणे एकत्र दिसली, तर मूळ कारण बीजांडकोशांच्या व संप्रेरकांच्या विकारात असू शकते. तो विकार तसाच ठेवून नुसता लेसर करीत राहणे म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत राहणे होय. दक्षिण आशियाई आणि पश्चिम आशियाई वंशाच्या स्त्रियांत एक उलटा परिणामही आढळला आहे : गालाच्या कडेवरची किंवा मानेवरची कोवळी लव लेसरच्या अपुऱ्या उष्णतेने चेतून अधिक राठ होते. तेव्हा नाजूक लवेसाठी लेसर न केलेलाच बरा. उपचाराच्या काळात केस दोऱ्याने किंवा मेणाने उपटू नयेत, कारण मूळच नसेल तर किरण शोषणार कोण? वस्तऱ्याने काढण्यास हरकत नसते. वस्तरा लावला की केस राठ येतात, या समजुतीला आधार नाही. पण तिच्यापुढे डॉक्टरांचेही फारसे चालत नाही.

एके काळी भारतात चेहऱ्यावरचे खड्डे म्हणजे देवीचे व्रण, असे समीकरण होते. १९७५ नंतर या देशात देवीची लागण राहिली नाही, आणि आता खड्डे दिसतात ते मुरुमांचे व कांजिण्यांचे. मुरुमाच्या दाहात अंतस्त्वचेतील कोलॅजेन नष्ट होते आणि वरची त्वचा आत खचते. हे खड्डे भरण्यासाठी पूर्वी संपूर्ण चेहऱ्याचा वरचा थर घासून किंवा लेसरने उडवून टाकीत. गोऱ्या त्वचेत त्याचे परिणाम उत्तम येत. सावळ्या त्वचेत मात्र काळे आणि पांढरे चट्टे पडण्याचे भय एवढे होते की, भारतात ही पद्धत फारशी रुजली नाही. २००४ साली बोस्टन येथील डीटर मानस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. सगळे शेत नांगरण्याऐवजी ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकावे, त्याप्रमाणे त्यांनी किरणाचे असंख्य सूक्ष्म ठिपके केले. प्रत्येक ठिपक्याखाली केसाइतक्या जाडीचा उष्णतेचा एक स्तंभ तयार होतो व दोन स्तंभांमधली त्वचा शाबूत राहते. त्या शाबूत त्वचेतून नव्या पेशी झपाट्याने सरकतात, आणि जखम काही दिवसांत भरून येते. आतले कोलॅजेन मात्र पुढे कित्येक महिने नव्याने रचले जात असते.

या उपचाराबद्दलच्या अपेक्षा सर्वांत अधिक वाढवून ठेवलेल्या असतात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच बैठका आणि त्यानंतर सहा महिन्यांची प्रतीक्षा, एवढे झाल्यावर खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा सौम्य होतात आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात सावल्या कमी दिसतात. ते नाहीसे होत नाहीत. रुंद आणि उथळ खड्ड्यांना गुण चांगला येतो. सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल असतात, त्यांना फार कमी. अशा खोल छिद्रांत टोकदार काडीने तीव्र आम्ल लावणे, किंवा खाली ओढून धरणारे तंतू त्वचेखालून सुईने सोडवणे, हे लेसरपेक्षा कमी खर्चाचे आणि काही वेळा जास्त गुणकारी उपाय आहेत. चेहऱ्यावर नवे मुरूम येतच असतील, तर आधी ते आटोक्यात आणावे लागतात. नाहीतर एका बाजूने खड्डे बुजत राहतात व दुसऱ्या बाजूने पडत राहतात.

बैठकीचा दिवस आणि त्यानंतरचा आठवडा कसा जातो, हे रुग्णाला क्वचितच नीट सांगितले जाते. सुमारे तासभर आधी बधिर करणारे मलम लावतात. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच लावायचे असते, कारण जास्त औषध त्वचेतून रक्तात जाऊ शकते. डोळ्यांवर त्या त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा किंवा धातूचे आच्छादन हवेच. बुबुळात आणि डोळ्याच्या पडद्यात मेलॅनिन असते, आणि किरणाला ते त्वचेतल्या मेलॅनिनपेक्षा वेगळे ओळखता येत नाही. ठोका पडताना रबराचा ताणलेला पट्टा सटकन लागावा तशी वेदना होते. खड्ड्यांसाठीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरनंतर काही तास कडक उन्हात भाजल्यासारखी आग होते. पहिले दोन-तीन दिवस चेहरा सुजतो, विशेषतः डोळ्यांखाली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्वचा तपकिरी, खरखरीत होते, आणि पाच ते आठ दिवसांत ती खपली आपोआप गळून जाते. नखाने काढलेली खपली हे नव्या डागाचे मोठे कारण आहे. ज्यांना ओठाभोवती वारंवार विषाणूजन्य पुरळ येते, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे प्रतिबंधक गोळ्या देता येतात. ठणका कमी होण्याऐवजी वाढू लागला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवावे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात किंवा होळीच्या तोंडावर हा उपचार करून घेणे शहाणपणाचे नाही. तरीही नेमक्या लग्नसराईतच दवाखान्यांत गर्दी होते.

राहिला वांगाचा प्रश्न. गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर सारख्या आकाराचे तपकिरी चट्टे पडतात, त्यांना वांग म्हणतात. गरोदरपणात, संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे, आनुवंशिकतेने आणि मुख्यतः उन्हाने ते उद्भवते. भारतातील स्त्रियांत ते अतिशय सामान्य असून पुरुषांतही दिसते. लेसरसाठी विचारणा होते ती पुष्कळदा याचसाठी, आणि लेसरचे यश सर्वांत तोकडे पडते तेही येथेच. वांगाचा दोष साठलेल्या रंगापेक्षा रंग बनवणाऱ्या पेशींच्या अति उतावळेपणात आहे. लेसरने साठा फोडता येतो, पण त्याच्या उष्णतेने त्या पेशी आणखी चेततात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळलेला दिसतो, रुग्ण आनंदित होतो, आणि काही महिन्यांत वांग पूर्ववत, कधी अधिक गडद होऊन परत येते. म्हणून उन्हापासून संरक्षण आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची मलमे हा पहिला उपचार; लेसर अगदी शेवटी, आणि तोही अल्प मात्रेत. सूर्याच्या जंबुपार किरणांइतकाच दृश्य प्रकाशही वांग वाढवतो. म्हणून लोहाच्या ऑक्साइडची किंचित तपकिरी छटा असलेले संरक्षक मलम साध्या पांढऱ्या मलमापेक्षा अधिक उपयोगी पडते.

अल्प मात्रेचा हाच लेसर आठवड्या-आठवड्याला वीस-वीस वेळा फिरवून रंग 'उजळण्याची' पद्धत पूर्व आशियातून भारतात आली. तिच्या अतिरेकाने काहींच्या चेहऱ्यावर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके उमटतात. त्या जागच्या रंगपेशी थकतात किंवा नष्ट होतात, आणि ठिपके भरून येतीलच याची खात्री नसते. ज्या समाजात पांढऱ्या डागाकडे पाहून कोडाची शंका घेतली जाते, तेथे सावळ्या चेहऱ्यावरचे हे ठिपके मूळच्या वांगापेक्षा किती जड जातात, हे वेगळे सांगायला नको. त्वचेचा जन्मजात वर्ण कोणताही लेसर बदलू शकत नाही. मेलॅनिन बनवण्याचे प्रमाण अनुवंशाने ठरलेले असते, आणि किरणाने केलेली घट शरीर भरून काढते.

उपचारापूर्वी डॉक्टरांनी विचारावयाच्या प्रश्नांत एक प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा आहे : आजवर चेहऱ्याला काय काय लावले? गोरेपणासाठी शेजारणीच्या किंवा औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने आणलेल्या मलमांत पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते. काही महिने ते लावल्यावर त्वचा पातळ व लाल होते, तिच्यावर मुरूम आणि लव येते आणि मलम थांबवताच चेहरा भगभगू लागतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या विक्रीवर चिठ्ठीचे बंधन घातले. तरी ती घरोघर सापडतात. अशा त्वचेवर लेसर करणे म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा चटका देणे होय. त्वचा सावरेपर्यंत काही महिने थांबावे लागते. तसेच, नव्याने आलेला, वाढणारा किंवा रक्त येणारा काळा ठिपका लेसरने उडवण्यापूर्वी तपासून घेणे आवश्यक असते. भारतीय चेहऱ्यावरील त्वचेचा कर्करोग पुष्कळदा काळ्या तिळासारखा दिसतो, आणि तो वरवर जाळला तर निदानच हातचे जाते. सौंदर्यगृहातील यंत्रचालकाला ही पारख नसते. त्वचारोगशास्त्रातील पदवी किंवा पदविका आहे काय, किरण प्रत्यक्ष कोण सोडणार आहे, आणि सावळ्या त्वचेवर या यंत्राचा किती अनुभव आहे, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

खर्च बहुधा बैठकीवार आकारला जातो. म्हणून एका बैठकीचा दर न विचारता अपेक्षित बैठका व पुढील देखभाल धरून एकूण आकडा विचारावा. पहिल्या दिवशी सारख्याच उजेडात, एकाच अंतरावरून, समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून घ्यावीत, कारण सहा महिन्यांनी मूळ चेहरा कसा होता हे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही विसरलेले असतात. आणि घाई असली तरी, कानापुढच्या किंवा जबड्याखालच्या लहानशा जागी आधी चाचणीचे ठोके देऊन घ्यावेत. भाजल्याची खूण एक-दोन दिवसांत कळते. काळी छटा मात्र महिन्याने उमटते. तेव्हा त्या चाचणीचा निकाल चार ते सहा आठवड्यांनी पाहावयाचा, आणि उरलेल्या चेहऱ्याविषयी त्यानंतर ठरवावयाचे.